गॅसची शेकोटी आणि सख्खा भाऊ

चर्चमधून घरी आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, ऑरिन ट्वेटनं शेकोटीचं बटण दाबलं. शेकोटीनं नुसतं 'टक' केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक'. खाली एक निळी ज्योत डोकावली आणि बटणावरून बोट उचलताच नवऱ्या मुलीसारखी आत पळाली. वरची चिनीमातीची लाकडं थंड ती थंडच.

"आर्लिस, ही पेटत नाहीये गं."

"मग तळघरातली भट्टी चालू आहे की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "गारठून मरत नाही कुणी."

प्रश्न गारठ्याचा नव्हताच. बाहेर उणे अठरा होतं, म्हणजे मिनेसोटातल्या डुलुथ गावाच्या मानानं रविवार बराच म्हणायचा. प्रश्न व्हर्लिनचा होता. चार हिवाळ्यांपूर्वी ऑरिननं वडिलांनी बांधलेली लाकडाची शेकोटी काढून तिथं ही गॅसची बसवली. थोरल्या भावानं येऊन ती पाहिली, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "वेगळीच आहे." त्या गावात एखाद्या वस्तूला 'वेगळी' म्हटलं की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे दोघे भाऊ चार हिवाळे बोलले नव्हते. आणि काल व्हर्लिननं आपण होऊन फोन केला होता : "उद्या एक वाजता जेवायला आलो तर चालेल?"

आता सव्वाअकरा झाले होते. ही शेकोटी आज पेटली नाही, तर चार वर्षं आपणच बरोबर होतो, हे व्हर्लिनला आयतं ताटात मिळणार होतं.

ऑरिननं गॅसच्या मेकॅनिकला फोन लावला.

"येऊ का आत्ता? अर्ध्या तासात पोचतो!" मेकॅनिक उत्साहानं म्हणाला.

"छे छे, रविवारी कशाला तुम्हाला त्रास?"

आता मिनेसोटात वाढलेल्या कुणालाही कळेल, की हा होकार होता. तिथं कुणी मदत देऊ केली की दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा नाइलाजानं घ्यायची. पहिल्या फटक्यात 'या' म्हणणारा माणूस वाया गेलेला समजतात. पण मेकॅनिक तीन आठवड्यांपूर्वी टेक्ससहून आला होता.

"बरं तर मग! मजेत घालवा रविवार!" म्हणून त्यानं फोन ठेवला.

"ठेवला त्यानं," ऑरिन म्हणाला.

"किती वेळा नाही म्हणालास?"

"एकदाच."

"आणि त्यानं ते ऐकलं?" आर्लिसच्या हातातला चमचा थांबला. "कसले गं बाई संस्कार!"

ऑरिननं पुन्हा फोन केला. "तुमचा फार खोळंबा होणार नसेल तर..."

"अरेरे, तुम्ही नको म्हणालात म्हणून मी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघालो. परत फिरू का?"

"नको नको. मासे महत्त्वाचे," ऑरिनच्या तोंडून निघून गेलं, आणि मासे जिंकले.

तेवढ्यात शेजारचा क्लिफर्ड भाजलेल्या बटाट्यांची परात घेऊन आला. त्याला भाऊ येणार असल्याचं कळलं होतं. त्या गल्लीत सगळ्यांनाच कळलं होतं.

"बघू का मी?"

"नको रे."

"बघतो की."

"कशाला उगाच."

"बघतोच."

"बरं."

क्लिफर्डनं शेकोटीची पुढची काच काढून भिंतीला टेकवली, आत डोकं घातलं, "हं," म्हणाला आणि डोकं बाहेर काढलं. मग शेकोटीजवळ पडलेल्या रिमोटमधले सेल बदलून बटण दाबलं. शेकोटी गप्प राहिली, पण छतावरचा पंखा फिरायला लागला. क्लिफर्डनं तो थांबवायला पुन्हा बटण दाबलं, तसा पंखा अजून जोरात फिरला. तिसऱ्यांदा दाबल्यावर पंख्यानं उघड्या शेकोटीतली चार हिवाळ्यांची काजळी उचलली आणि सगळ्या खोलीत सारखी वाटली. आर्लिसचा पांढरा टेबलक्लॉथ, ऑरिनचा रविवारचा सदरा, क्लिफर्डच्या भुवया, कुणालाही कमी-जास्त नाही.

"ऑरिन! बंद कर ते!"

ऑरिन तळघरात धावला आणि घाबरून विजेचा मोठा खटकाच खाली ओढला. पंखा थांबला. दिवेही गेले, आणि ओव्हनमधलं मांस अर्ध्यात राहिलं.

"माझं इथलं काम झालेलं दिसतंय," असं म्हणून क्लिफर्ड निघाला, आणि दारातच व्हर्लिनला धडकला.

व्हर्लिन एकटाच आला होता, बायको डोनेलशिवाय, हातात केक घेऊन. त्यानं दिवे गेलेली खोली पाहिली, काळा भाऊ पाहिला, उघडी शेकोटी पाहिली. आता तो शब्द येणार म्हणून ऑरिननं डोळे मिटले.

"ज्योत पेटते?" व्हर्लिननं विचारलं.

"पेटते. बटण सोडलं की विझते."

व्हर्लिन गुडघ्यांवर बसला. गुडघे कडकडले. "एक डॉलरची नोट दे."

गॅसचा कॉक बंद करून त्यानं ज्योतीजवळची बोटभर सळई त्या नोटेनं घासघासून लखलखीत केली. "हिच्यावर काजळी बसली की हिला ऊब कळत नाही. ज्योत नाहीच असं समजून ही गॅस तोडते. आता कॉक उघड, पेटव, आणि दाबून धर. तीस मोज. आमच्याकडं तर चाळीस मोजावे..."



"तुमच्याकडं?" ऑरिन म्हणाला.

"शेजाऱ्यांकडं."

"तुझा शेजारी तीन मैलांवर राहतो."

"त्याच्याकडंच."

ऑरिननं मुकाट्यानं तीस मोजले आणि बोट सोडलं. ज्योत राहिली. मग भप्प झालं आणि सगळी लाकडं पिवळ्या उजेडानं उजळली. चार हिवाळे घासूनपुसून ठेवलेलं एक वाक्य ऑरिनच्या जिभेवर आलं. मग त्यानं जमिनीवरून उठता न येणाऱ्या थोरल्या भावाकडं पाहिलं, वाक्य गिळलं आणि काखेत हात घालून त्याला उठवलं.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. आणि ते त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

"व्हर्लिन," आर्लिसनं स्वयंपाकघरातून सहज विचारलं, "डोनेलनं शेवटी कुठली चिनीमातीची लाकडं घेतली रे तुमच्या शेकोटीत? ओकसारखी का बर्चसारखी?"



"बर्च," व्हर्लिन शेकोटीकडं तोंड करून म्हणाला. "दोन वर्षं झाली. लाकूड फोडवत नाही रे आता." तो पुढं म्हणाला, "गुरुवारपासून बंद आहे. टकसुद्धा करत नाही. एकाची नोट घासली, पाचाची घासली, विसाचीही घासून पाहिली. म्हटलं, तुझी कशी चालते ते बघून यावं. दुसऱ्या कुणाला विचारायला लाज वाटली."

अख्ख्या परगण्यात, ज्याला विचारायला लाज वाटू नये असा एकच माणूस व्हर्लिनला सुचला होता. ऑरिननं नाक शिंकरलं. काजळी असावी.

"चल, कोट घाल," तो म्हणाला. "आत्ता जाऊन बघू."

"कुठंही जायचं नाही," आर्लिस चाकू घेऊन दारात उभी राहिली. "आधी तो खटका वर करा. डोनेल निघालीय घरून, पोचेलच इतक्यात. तिला गुरुवारपासून हुडहुडी भरलीय, आणि हे दोघे शहाणे बोलायला लागेपर्यंत थांबायचं, असं आम्हा दोघींचं कालच ठरलं होतं."

ऑरिन तळघरात गेला. व्हर्लिननं काजळीनं माखलेली एक खुर्ची रुमालानं पुसली आणि बायकोसाठी शेकोटीजवळ ओढून ठेवली.