मागे राहिलेल्या पट्टीची फत्ते

हकीकत ऐसी जे, थोर थोर लढाया लिहिणारे कारकून पुष्कळ होऊन गेले, त्यांचे हात दुखले आणि दौती सुकल्या, परंतु करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, डोळ्यांस न दिसणाऱ्या फौजांनी जी शर्थ केली तिची दोन ओळी नोंद कोणी केली नाही, सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. लिहिणार तटस्थ आहे. ताईसाहेबांकडे त्याचा थोडा ओढा आहे, तेवढा माफ असावा.

आधी मुलूख ध्यानी घ्यावा. देहाच्या दर पेशीत डीएनए नामे पुरुषभर लांबीचा धागा असतो, आणि त्यावर सर्व कारखान्यांचे हुकूम लिहिलेले असतात, मग एवढे दप्तर एवढ्याशा कोठडीत मावावे कैसे? तर हिस्टोन नामे प्रथिने आहेत, बहुत इमानी, ती धागा रिळासारखा अंगाभोवती गुंडाळून घेतात, आणि घट्ट गुंडाळलेला हुकूम सहसा कोणास वाचता येत नाही, म्हणूनच डोळ्याचे जागी दात उगवत नाहीत. परंतु नुसत्या कुलुपांवर राज्य चालत नाही. वेळ आली की दुसरी काही प्रथिने येतात, धागा नेमक्या जागी पकडून वाकवतात, गुंडाळी सैल करतात, आणि मग तेथील हुकूम, ज्यास जनुक म्हणतात, वाचला जाऊन अंमलात येतो.

ऐशा एका प्रथिनापायी राजमान्य ताईसाहेब, संशोधक, मुक्काम दुसरा मजला, खिडकीशेजारचे टेबल, यांनी उमेदीची सहा वर्षे खर्ची घातली. दावा एकच, की आपले प्रथिन अमुक जनुकापुढचा धागा पकडते. त्यांचे मार्गदर्शक सर सरकार यांनी फर्मान काढले की शुक्रवारी चार वाजता पुरावा हुजूर दाखल करावा, अन्यथा प्रबंधाचे तिसरे प्रकरण खारीज, आणि नव्या विषयाची मोहीम पहिल्यापासून. बरोबरीचे सारे पदव्या घेऊन केव्हाच मार्गस्थ जाहले होते. आईसाहेबांचा दर रविवारी फोन येई, "झालं का गं?" ऐसी पृच्छा होई, आणि मग उत्तर यायच्या आत त्या स्वतःच "बरं, जेवलीस ना?" म्हणून विषय बदलीत. हे विषय बदलणेच ताईसाहेबांस अधिक लागे.

पुराव्याची रीत मोठी उफराटी आहे. जेल म्हणून एक थलथलीत पाटी दोन काचांमध्ये उभी करतात, तिच्या माथ्याच्या खळग्यांत नमुने सोडतात आणि विजेचा प्रवाह देऊन त्यांस खाली पिटाळतात. एकटा धागा हलका, तो सुसाट धावतो. प्रथिनाने धरलेला धागा जड, तो रखडतो, आणि त्याची पट्टी वरच उमटते. सबब जगात पुढे जाईल तो जिंकला, आणि येथे मागे राहील तो जिंकला.

परंतु सतरा स्वाऱ्या जाहल्या आणि सतराही वेळा एकटा धागा आणि प्रथिनासंगे सोडलेला धागा, दोन्ही खांद्यास खांदा लावून तळाशी पोहोचले. ताईसाहेबांनी मीठ कमी केले, मग वाढविले, धागा नवा मागविला, स्वेटर घालून शीतखोलीत मोर्चा लावला आणि नाक गळेस्तोवर हटल्या नाहीत, शेवटी विज्ञानास न शोभणारी गोष्ट म्हणजे खुर्चीही बदलून पाहिली. शिकस्त ती शिकस्तच. प्रथिनाचा साठा सरत सरत एका लढाईपुरता उरला, आणि नवे तयार करण्यास महिना लागतो, मग शुक्रवार कोणासाठी थांबतो?

शुक्रवारी अकरा वाजता अठरावी स्वारी निघाली. नमुना खळग्यात बुडावा आणि डोळ्यांस दिसावा म्हणून त्यात थोडा निळा रंग मिसळावा लागतो, तो रंग टेबलावर होता, आणि प्रथिनाची नळी बर्फात होती. तेसमयी काचसामान धुणाऱ्या मावशी, ज्यांची या खात्यात एकवीस वर्षे चाकरी, टेबल पुसण्यास आल्या. त्यांनी निळ्या रंगाच्या दोन नळ्या उचलल्या, फडके फिरवून परत ठेवल्या, आणि जरा वाकून पाहिले.

"ताई, या निळ्याला फेस कसा काय आला? त्या निळ्याला तर नाही."

"येतो हो मावशी, हलवलं की."

"हलवल्या मी दोन्ही. साबण आहे यात. आणि साबण राहिला की तुमचं काही चालत नाही म्हणून मला चार-चारदा काच खंगाळायला लावता ना तुम्ही?"

ताईसाहेबांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. खरोखरच एक रंग साबणाचा होता. तो दुसऱ्या जातीच्या प्रयोगासाठी, जेथे प्रथिनाची घडी मोडावयाची असते. साबण लागताच प्रथिनाची पकड सुटते, आणि धागा एकटाच पळत सुटतो. सतरा वेळा फौज लढली होती, आणि सतरा वेळा ताईसाहेबांनीच ऐन रणात तिच्या पायाखाली साबण ओतला होता. एका नळीवर लिहिले होते "निळा", दुसरीवर "निळा नवा", आणि दोन्ही अक्षरे त्यांचीच. त्या हसू लागल्या, मग डोळे पुसले, आणि मावशींनी काही न विचारता साबणाची नळी उचलून लांब नेऊन ठेवली.

मग बिनसाबणाचा रंग घातला, प्रथिनाचा शेवटला थेंब खळग्यात उतरविला आणि प्रवाह सोडला. दोन तासांनी जांभळ्या प्रकाशाच्या पेटीत पाहतात तो एकटा धागा तळाशी, आणि त्याच्या कितीतरी वर, प्रथिनाने घट्ट धरलेली, ठसठशीत पट्टी मागे राहिलेली.

चार वाजता सर सरकारांनी चित्र पाहिले, चष्मा काढून पुनश्च पाहिले, आणि काय बदल केला ऐसी विचारणा केली. ताईसाहेबांस थाप मारणे सहज शक्य होते.

"सर, रंग चुकीचा होता. लेबल माझंच होतं."

सरांनी चष्मा पुन्हा चढविला. "असं पुष्कळांचं होतं," ते म्हणाले. "सांगत कुणी नाही." मग हुकूम जाहला की नवे प्रथिन तयार करून हीच पट्टी आणखी दोनदा दाखवावी, आणि तिसरे प्रकरण कायम.

ताईसाहेबांनी रविवारची वाट न पाहता आईसाहेबांस फोन लाविला, आणि त्या दिवशी विषय कोणीच बदलला नाही. मग प्रयोगवहीत स्वहस्ते नोंद केली, ती येथे उतरवून घेतली आहे: स्वाऱ्या अठरा, शिकस्ती सतरा, दोष सर्वस्वी लेबल लिहिणारीचा, प्रथिन निर्दोष, ते धागा पकडते. पानाच्या तळाशी साक्षीदाराची रेघ असते, तेथे रिवाजाने सर सरकारांची सही होते. ताईसाहेब वही घेऊन धुण्याच्या मोरीपाशी मावशींकडे गेल्या.

"मी काय लिहू? मला त्यातलं काही कळत नाही."

"जे पाहिलंत ते."

मावशींनी हात कोरडे केले, पेन घेतले, आणि सावकाश लिहिले, "फेस पाहिला." त्याखाली पूर्ण नावानिशी सही केली आणि तारीख घातली.