उग्रकेसराच्या आयाळीचे मलम

एका जंगलात, मुलांनो, सगळे काही राजाच्या आयाळीवरून ठरायचे. आयाळ मऊ असली की सगळ्यांना सुट्टी. राठ झाली की कुणाला तरी शिक्षा.

त्या उन्हाळ्यात उग्रकेसर महाराजांची आयाळ पार केरसुणी झाली. तेल लावावे तर धूळ चिकटे. पाणी लावावे तर लगेच वाळे. दोन्ही एकत्र करावे तर वाटीत तेल वर, पाणी खाली. मालिश करणारा ससा तुरुंगात गेला.

मग दरबारात साळूताई साळिंदर उभ्या राहिल्या. त्यांना रसायने कळत.

"महाराज, तेला-पाण्याचे आपसूक जमत नाही. दोघांना धरून ठेवणारे कुणीतरी मध्ये हवे."

"मग बोलवा त्याला!"

"बनवावे लागेल, महाराज. आणि जमले तर सशाला सोडा."

साळूताईंनी साखर घेतली, कारण तिचे पाण्याशी जमते. मोहाच्या तेलातले आम्ल घेतले, कारण त्याचे तेलाशी जमते. या दोघांना जोडायला बुरशीतून विकर काढले. विकर म्हणजे स्वतः तसेच राहून दुसऱ्यांचे जुळवून देणारे. त्याला जाळ लागत नाही, नुसती ऊब पुरते.

"मात्र यात पाणी पडू देऊ नका," त्यांनी बजावले. "कोरडे आहे तोवर विकर जोडते. पाणी मिळाले की तेच विकर जोडलेले तोडते. आधी मला ते गाळून काढू द्या. मग हवे तेवढे पाणी घाला."

प्रधान चपळराव कोल्हे यांनी मान डोलावली. ते मनात भाषण पाठ करत होते.

मडक्यात जोड जमली. साळूताईंनी चिमूटभर काढून तेला-पाण्यात घोटली, तर वाटीत सगळे दुधासारखे एकजीव! आनंदाने त्यांचे सगळे काटे उभे राहिले. शेजारी दोघे जखमी झाले.

आता गाळणार, तोच चपळराव वाजतगाजत आले आणि त्यांनी पवित्र नदीची अख्खी घागर मडक्यात ओतली.

"अहो, थांबा!"

"ताई, शुभकार्यात थांबा म्हणू नये."

मग मडके उन्हात दर्शनाला ठेवले. आत विकर इमानाने तोडत बसले.

शेजारच्या जंगलातले हत्ती पाहुणे आले, त्या दिवशी महाराजांनी मलम थापले. आधी खवट वास सुटला. मग सुटी झालेली साखर हुंगत मुंग्या आल्या. महाराज पाहुण्यांसमोर गडाबडा लोळले. हत्तींना वाटले, इथला नमस्कार असाच असावा. तेही लोळले. दरबाराचा मंडप गेला.

चौकशी झाली.

"पाणी कुणी ओतले?" महाराज गरजले.

"पाणी पवित्र होते," चपळराव म्हणाले. "विकर फितूर निघाले."

"मी आधीच सांगितले होते!" साळूताई म्हणाल्या.

"ऐकलेत, महाराज? यांना आधीच ठाऊक होते!"

साळूताई हद्दपार झाल्या. ससा आतच राहिला.

पुढे चपळरावांनी स्वतःचे मलम काढले. बाटलीत तेल आणि पाणी. वर चिठ्ठी: 'लावण्यापूर्वी हलवा.' महाराजांसाठी बाटली हलवायला सगळे जंगल पाळीने उभे राहू लागले. सकाळी माकडे, दुपारी हरणे, संध्याकाळी अस्वले. हात थांबला की तेल वर, पाणी खाली, आणि थांबवणारा तुरुंगात.

चपळरावांना 'जंगलभूषण' मिळाले. जंगलात बेकार कुणी उरले नाही, म्हणून.

तात्पर्य: मुलांनो, जोडण्याच्या भानगडीत पडू नका. जोडायला अक्कल लागते. हलवत ठेवायला प्रजा पुरते.