गिटारच्या पोटातला माइक

चिमणीच्या गिटारचा आवाज पहिल्या रांगेपुढे कधी गेलाच नव्हता, म्हणून शाळेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामाने स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. चपलांच्या खोक्याएवढा ठोकळा, पण आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"गिटारच्या पोटात माइक चिकटवलाय," मामा म्हणाला. "भोकाजवळ जे काही होईल ते सगळं बाहेर जाईल. ऐकतेयस ना?"

"हो रे मामा," चिमणी म्हणाली. ती बटणं फिरवण्यात गुंग होती.

ठोकळा तिला हवा होता तो एका खास कारणासाठी. संगीताच्या बाई तीन वर्षं मधल्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला ठेवून, तिला गिटार शिकवत होत्या. उद्या त्या स्वतः गाणार होत्या आणि साथीला चिमणी. बाईंचा गळा गोड, फक्त शेवटच्या कडव्यातला वरचा सूर तालमीत रोज घसरायचा. बाईंना कुणी हसलेलं चिमणीला चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. ठोकळा चिमणीच्या पायाशी, तोंड प्रेक्षकांकडे. बाई चष्मा पुसत उभ्या राहिल्या. वहीची पानं उलटायला बसलेली मैत्रीण कुजबुजली, "वरचा सूर आला की काय गं करायचं?"

इथे चिमणीने शहाणपणा केला. ओठ कुणाला दिसू नयेत म्हणून ती गिटारवर पार ओणवी झाली, तोंड थेट भोकाशी. "बाईंचा सूर घसरला की मी खच्चून वाजवणार. कुणाला पत्ता लागणार नाही."

शेवटच्या रांगेपर्यंत पत्ता लागला.

कुणीतरी फिसकन हसलं, मग रांगच्या रांग. चिमणीने घाईघाईत बटण फिरवलं, तेही उलटं. ठोकळा असा किंचाळला की मुख्याध्यापकांनी कान झाकले. मैत्रिणीने बटण जागेवर आणलं. पण चिमणीची मान वर होईना. तीन वर्षांच्या मधल्या सुट्ट्यांची ही अशी परतफेड.

बाईंची पावलं जवळ आली.

"सॉरी, बाई," ती पुटपुटली. तेही सगळ्यांनी ऐकलं.

बाई वाकल्या, गिटारच्या भोकाशी तोंड नेलं आणि सावकाश म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात तुझं बोट रोज चुकीच्या तारेवर पडतं. मी तिथे मुद्दाम मोठ्याने गाते. लागला का कुणाला पत्ता?"

हॉल दणाणला. चिमणीचा हात ठोकळा बंद करायला गेला. बाईंनी तो धरला.

"राहू दे चालू. आज दोघींचं काय ते होऊ दे."

दुसऱ्या कडव्यात बोट चुकीच्याच तारेवर पडलं, आणि बाई अगदी हळू गायल्या. मग शेवटचं कडवं आलं. चिमणीने तारांवर हात ठेवून गिटार गप्प केली.

सूर घसरला. स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत.

चिमणीने मान वर केली, तर बाई तिच्याकडेच बघून हसत होत्या.