ठमीची झोप आणि गाडीचा मेंदू

ठमी दुपारी फक्त गाडीत झोपते, ही बाब घरात सर्वानुमते मान्य झालेली होती. पाळणा, खांदा, अंगाई आणि वडिलांचे गाणे हे पर्याय रीतसर आजमावून फेटाळण्यात आले होते. शेवटचा तर शेजाऱ्यांच्या विनंतीवरून. मागच्या सीटवर तिला तिच्या छोट्या खुर्चीत बांधून म्हातारी गाडी गल्लीतून संथ फिरवली, की त्या घुर्रघुर्र आवाजाने तिसऱ्या वळणापर्यंत पापण्या मिटत. मग तासभर जगात शांतता नांदे. बाबा गाडी चालवत आणि ठमीची आई थर्मासमधला चहा गरम पीत असे. चहा गरमही असतो, हे ठमी झाल्यापासून ती विसरलीच होती. या गाडीने ते तिला परत शिकवले.

अशा सुरळीत व्यवस्थेत सुधारणेची काडीचीही गरज नव्हती. म्हणजेच सुधारणा होणार हे उघड होते.

निमित्त झाला मामा. चढावर आपल्या नव्या गाडीने त्याने यांना मागे टाकले आणि घरी येऊन म्हणाला, "भाऊजी, ही गाडी आहे की चाकांवरचा पाळणा?"

"पाळणाच आहे," ठमीची आई म्हणाली. "आणि तू हळू बोल."

पण बाण लागायचा तिथे लागला होता. ठमीच्या बाबांनी एक ट्यूनर मागवला. हातात मावेल एवढा, वायर आणि पडदा असलेला.

"इंजिनाला एक संगणक असतो," बाबांनी समजावले. "किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तो ठरवतो. कंपनीवाले त्याला मुद्दाम भित्रा ठेवतात. हा ट्यूनर त्याला धीर देतो."

"गाडी भित्री आहे असं तुला ती म्हणाली?"

"बोलता येत असतं तर म्हणालीच असती."

शस्त्रक्रिया घरापुढेच झाली. स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर खोचली. किल्ली फिरवली, पण इंजिन बंदच ठेवले. दिवे, पंखा, गाणी, सगळे बंद. बॅटरी मध्येच दमली तर संगणक अर्ध्या विचारात अडकतो, अशी ताकीद होती. पडद्यावर अटी उमटल्या. सगळी शहाणी माणसे वाचतात तशा त्या बाबांनी अंगठ्याने वर सरकवून वाचल्या आणि 'मान्य' दाबले. ट्यूनरने गाडीचा मूळ स्वभाव आधी आपल्या पोटात जपून ठेवला, मग अदबीने विचारले: रोजचा की शर्यतीचा?

"रोजचा," आई म्हणाली.

"रोजचाच," बाबा म्हणाले, आणि बोट शर्यतीवर पडले.

इंजिन सुरू झाले ते वाघाच्या घशात खडा अडकल्यासारखे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंतचे अंतर गाडीने असे कापले, की त्याच्या दुकानात टांगलेल्या शर्टांनी बाह्या वर करून सलामी दिली. मागे धुराचा काळा पडदा राहिला आणि पडद्याआडून इस्त्रीवाल्याची शेलकी भाषा. ठमीने डोळे टक्क उघडले, दोन्ही हात वर फेकले आणि ती खदाखदा हसली.

ती त्या दुपारी झोपली नाही. पुढच्याही नाही. गाडी पळाली की टाळ्या, थांबली की भोकाड. थर्मासमधला चहा थर्मासमध्येच गार होऊ लागला. शेवटी आईने एकदा मीठ घालून चहा केला आणि बाबांनी तो निमूटपणे प्यायला, तेव्हा परिस्थितीचे गांभीर्य दोघांनाही कळले.

"गाडी पहिल्यासारखी कर. आत्ता."

"फक्त एकदा तुझ्या भावाला चढावर—"

"त्याला मी बघते. तू गाडी बघ."

मूळ स्वभाव परत घातला गेला. गाडी घुरघुरली, ठमी पेंगली, आई रडवेली झाली आनंदाने. आणि दुसऱ्याच दिवशी गाडीची वार्षिक तपासणी आली.

तपासणी केंद्राच्या दारात फलक होता: 'चाचणीसाठी इंजिन गरम हवे. रांगेत इंजिन बंद करू नये.' रांग लांबलचक होती, सगळी इंजिने एका सुरात घुमत होती, आणि ठमी क्षणात गाढ झोपली. त्यामुळे पुढचे सर्व शासकीय कामकाज कुजबुजत पार पडले.

तपासनीसाने स्टिअरिंगखाली आपले यंत्र खोचले. इंजिनाचा आवाज ऐकला नाही, मागचा पाइप पाहिला नाही.

"तयार नाही," तो कुजबुजला.

"कोण?" बाबा कुजबुजले.

"गाडी. मेंदू पुसून परत भरलाय ना? मग तो सगळं विसरतो. हमरस्त्यावर एका वेगात नीट चालवा. मग तो स्वतःची परीक्षा घेईल आणि 'तयार' म्हणेल."

"चालवतो की!"

"छे! प्रमाणपत्राशिवाय हमरस्त्यावर न्यायची नाही."

"मग चालवायची कुठे?"

"तो विभाग वेगळा."

"अहो, पण धुराचा ठिपका नाही. वाकून बघा जरा."

"बघण्याची तरतूद नाही. विचारण्याची आहे."

इतक्यात शेजारच्या रांगेतून मामाची नवी गाडी भसाभसा काळा धूर ओकत आली. यंत्र लागले, टिंग वाजली, पास. तपासनीस खोकत खोकत म्हणाला, "आदर्श गाडी! ट्यूनरवर शर्यतीचा प्रकार घेतला, की त्यात 'सदैव तयार' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. आम्ही विचारतो, ती हो म्हणते. कुणाचाच खोळंबा नाही."

"भाऊजी, घाला की परत!" मामा खिडकीतून ओरडला.

"शूऽऽ!" रांग, तपासनीस आणि ठमीची आई एकदम म्हणाले.

बाबांचा हात खिशातल्या ट्यूनरकडे गेला होता. "दोन मिनिटांचं काम आहे गं. घालू?"

आईने मागे पाहिले. ठमीचे तोंड किंचित उघडे होते, गालावर लाळेचा ओघळ, मूठ सैल पडलेली. 'तयार' म्हटले तर ही झोप गेली. नाही म्हटले तर गाडी गेली.

"साहेब," तिने विचारले, "नापास गाडीचं काय करतात?"

"ती फक्त घर ते केंद्र आणि केंद्र ते घर चालवता येते. रोज येऊन रांगेत लागायचं. पास होईपर्यंत."

"रोज? इंजिन चालू ठेवून?"

"नियमच आहे."

"मग नापास करा," ती म्हणाली. "शिक्का हळू मारा."

तेव्हापासून ती म्हातारी गाडी रोज दुपारी रांगेत असते. घर ते केंद्र या वाटेवर हमरस्ता लागत नाही, त्यामुळे ती तयार होण्याचा धोका नाही. आई थर्मास उघडते. चहातून वाफ येते. नंबर जवळ आला की बाबा मोठ्या मनाने मागच्याला म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे," आणि गाडी पुन्हा शेपटाला लावतात.

तेव्हा उद्या तुम्ही तुमची गाडी घेऊन त्यांच्या मागे उभे राहाल, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. तुमची गाडी पास होणारच आहे, धुरावरून कळतेच. पोरगी आत्ताच झोपली आहे.