तिसरा माठ

पीटर मास्तर सूर्यावर ओरडत. मिशनच्या कॉलेजच्या पटांगणात आम्ही पोरं पहाटेच कवायतीला उभी असायचो. ऊन वर आलं की मास्तर तोंडातली शिट्टी काढून पूर्वेकडे हात उगारत, "आला! साहा नाही वाजले तं आला! तुले कोनी बोलावलं होतं बे?" मग आमच्याकडे वळून त्याच पट्टीत, "हसून कायले राहिले? मी रागावून नाही राहिलो, सांगून राहिलो!"

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गोंदियाच्या त्या कॉलेजात मे महिन्यात शाळकरी मुलांचा उन्हाळी वर्ग भरे. मॅट्रिकआधी पोराचं इंग्रजी सुधारावं म्हणून गावोगावचे बाप आम्हाला तिथं आणून सोडत. माझे बाबा आमगावचे, धानाची शेती करणारे. पीटर मास्तर सालेकशाकडचे ख्रिस्ती. कवायत घेत आणि आमचं वसतिगृह सांभाळत.

त्यांचा राग कशावर नव्हता? डासांवर होता, घंटेवर होता, इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांवर तर फारच. "बोलाचंच नाही तं लिहिलं कायले?" दुपारी जेवणानंतर सक्तीची झोप असे. मास्तर व्हरांड्यातून "झोपा! डोळे मिटून झोपा!" असे गरजत फिरत, आणि झोपलेली पोरंही दचकून उठून बसत.

माझ्या शेजारच्या खाटेवर देवरीचा सुखदेव होता. त्याचं इंग्रजी पक्कं. रोज संध्याकाळी तो माझी स्पेलिंगं तपासायचा आणि चुकलं की मास्तरांच्या आवाजात ओरडायचा.

पहिल्या रविवारी बाबा भेटायला आले. व्हरांड्यात पाण्याचे दोन माठ होते. सुखदेवनं त्यातून पाणी घेतलेलं त्यांनी पाहिलं. "कोनाचा रे तू?" त्यांनी विचारलं. त्यानं नाव-गाव सांगितलं. बाबांनी हातातला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

पुढच्या रविवारी ते पॅसेंजरनं आले ते मांडीवर नवा कोरा माठ घेऊनच. कॉलेजचे मुख्य फादर विलायतेतून आलेले आणि स्वभावानं मऊ. मोडक्या मराठीत म्हणाले, "भांडण नको. हळूहळू सगळा बदलेल." तिसरा माठ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला गेला आणि बाबा फादरबरोबर ऑफिसात गेले. आम्ही वरच्या जातींतले सहा-सात जण त्यातलं पाणी पिऊ लागलो. हो, मीसुद्धा. सुखदेव खांबाला टेकून बघत होता. मग पुस्तक उचलून आत गेला.

तेवढ्यात मास्तर बाजारातून आले. भाजीची पिशवी खाली ठेवली.

"हा कोनाचा?"

"आमच्यासाठी वेगळा आहे," मी म्हणालो.

पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत. त्यांनी भरलेला माठ दोन्ही हातांनी उचलला आणि पायरीवर आपटला.

"आता रागावलो मी!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमगावपासून बाबांनी तो माठ लेकरासारखा सांभाळून आणला होता. "माझ्या बाबाचा माठ होता तो!" मी किंचाळलो.

"बापाले सांग, पीटरनं फोडला. अन् तू काऊन पेत होता, ते बी सांग!"

आवाज ऐकून फादर आणि बाबा ऑफिसातून बाहेर आले. फादरनी मास्तरांना माफी मागायला सांगितलं. मास्तर खापऱ्यांकडे पाहत म्हणाले, "मागतो. कुंभाराची मागतो. त्यानं मेहनत केली होती."

बाबांचा चेहरा लाल झाला. "पेटी भर. घरी चाल."

"मी नाही येत." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही. मी मास्तरांवर चिडलो होतो, बाबांवर चिडलो होतो आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. बाबा मागं वळून न पाहता स्टेशनकडे निघून गेले.

दुपारी मला झोप येईना. मास्तरांशी कडाडून भांडायचं ठरवून मी उठलो. ते स्वयंपाकघरामागच्या विहिरीवर एकटेच होते. कठड्यावर ग्लास होता, तरी ते उकिडवे बसले होते. एका हातानं लोटा उंच धरून दुसऱ्या हाताच्या वाकवलेल्या तळव्यात पाणी ओतत होते आणि तळव्याला तोंड लावून पीत होते.

"मास्तर, ग्लास आहे ना."

ते दचकले. सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"सवय आहे रे," ते हळूच म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गावात पाटलाच्या विहिरीवर मायले अन् मले असंच वरून ओतत. फादरनं बाप्तिस्मा देला, नाव देलं, नोकरी देली. तरी चारचौघांत ग्लास तोंडाले लावला का वाटते, आता कोनी तरी ओरडन."

मी व्हरांड्यात गेलो. दोन माठांपैकी जवळच्या माठातून ग्लास भरला, उभ्या उभ्या अर्धा प्यालो आणि उरलेला त्यांच्यासाठी घेऊन आलो.

त्यांनी ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्धा ग्लास कोन देते बे कोनाले?" ते एकदम गरजले. "भरून आन!"

मी भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, ओठांना लावला आणि डोळे मिटून सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.