कर्नलचा सपोर्ट

एका जंगलात सगळं होतं बरं का, बाळांनो! सरपंच होते, समित्या होत्या, अँब्युलन्ससुद्धा होती. फक्त तिला रस्ता सापडत नव्हता. गाडीतल्या, लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रावर नकाशा कोरा. वायफाय मुकं, जीपीएस आंधळं.

नेमकी तेव्हाच डोंगरापलीकडे चिंधू साळिंदराची म्हातारी आई तापाने फणफणली. अँब्युलन्स दोनदा निघाली आणि दोनदा फिरून, जिथून निघाली त्याच तळ्यावर आली. चिंधूचा जीव टांगणीला लागला.

त्याने स्वतः यंत्र तपासलं. म्हणाला, "सरपंच, वायफाय-जीपीएसच्या दोन्ही चिपा धडधाकट आहेत. कर्नलचा सपोर्ट नाही, एवढंच."

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हे चिंधूला ठाऊक होतं. सरपंच तरसेंना नव्हतं.

"कर्नलचा सपोर्ट नाही?" तरसे कडाडले. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! चला रे सगळे!"

अख्खं जंगल हार-नारळ घेऊन निवृत्त गेंडा कर्नल शिंगाडे यांच्या दारात!

"अहो, तो कर्नल हा नव्हे..." चिंधू काकुळतीला आला.

"गप रे! थोरामोठ्यांसमोर असं बोलतात?"

कर्नलसाहेब चिखलातून उठले. "आम्हाला कुणी विचारलंच नाही," ते फुरंगटून म्हणाले. "वायफायला आमचा पाठिंबा आहे. जीपीएसचं मात्र बघू."

मग काय, मनधरणी सुरू. तिकडे आई तापाने बडबडतेय आणि इकडे हे! चिंधूने कपाळावर हात मारला आणि तडक गाडी गाठली.

लिनक्सचा कर्नल कशाकशाला सपोर्ट देतो, ती यादी त्याने उघडली. दोन्ही चिपांच्या नावापुढे चक्क 'नाही' लिहिलेलं. त्याने तिथे 'हो' केलं, कर्नल नव्याने बांधला, यंत्र बंद करून चालू केलं. नकाशावर ठिपका लुकलुकला.

"हाण गाडी!" चिंधू ड्रायव्हर रोहीवर ओरडला.

त्याच क्षणी तिकडे कर्नलसाहेबांनी पाठिंब्याच्या पत्रावर सही केली. गाडी सुसाट जाताना पाहून तरसे नाचायलाच लागले. "बघा! सही झाली नि चालू झालं!"

आई वाचली. चार दिवसांनी चिंधू तिला पेज भरवत होता. ती म्हणाली, "बाळा, त्या कर्नलसाहेबांच्या पाया पडून ये हो. ते होते म्हणून मी आहे."

चिंधूने पेजेची वाटी खाली ठेवली. आणि मुकाट्याने पाया पडून आला.

तात्पर्य: बाळांनो, कामाचं व्हायचं असेल तर यादी वाचायला शिका. मोठं व्हायचं असेल, तर वेळेवर रुसायला शिका.