राज्य कोणावर?

"दादा, हे काय करून ठेवलंयस?"

आत्याचा आवाज इतका चढला, की गॅसवर दूध ठेवून दादा पळीसकट बाहेर आला. मागोमाग त्याची मुलगी चिमणी.

आत्याने एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, कुणीही फुकट घ्यावी आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडावी अशी. एखादी गोष्ट आत्ता कुठल्या स्थितीत आहे आणि पुढे कुठल्या स्थितीत जाईल, एवढंच ती सांभाळायची. कपड्यांचं मशीन कसं आधी पाणी भरतं, मग धुतं, मग पिळतं, तसं. सोबत हलतं चित्रही होतं: वर्तुळं, बाण आणि चालू स्थितीचं वर्तुळ पिवळंधमक. अडचण एकच. माहितीची इंग्रजी पानं वाचून कुणाला काही कळत नसे. आज चार वाजता मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे शिक्षक ती पडद्यावर बघणार होते. त्यांना पटली, तर लायब्ररीला पहिलं गिऱ्हाईक मिळणार! म्हणून तिने पानं मराठीत करायला दादाला दिली होती. दादाने 'स्टेट' दिसेल तिथे एका झटक्यात 'राज्य' केलं होतं.

"'मशीन धुण्याच्या राज्यातून पिळण्याच्या राज्यात जाते!' मधे जकातनाका लागतो का रे?"

"स्टेट म्हणजे राज्यच ना?"

"इथे अवस्था!"

"तुझी झालीय ती दिसतेच आहे."

आत्या दुरुस्तीला बसली. तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. दादा धावला, पाय वायरीत अडकला आणि इंटरनेटचा डबा धाडकन खाली! तो पुन्हा लुकलुकला तेव्हा चार वाजले होते. पडद्यावर शिक्षक हजर आणि समोर पानं 'राज्य'वालीच.

चिमणी तोवर खुर्चीवर चढली होती. तिने हलत्या चित्राकडे बोट दाखवलं.

"आत्या, राज्य धुण्यावर आलं!"

"म्हणजे काय गं?" पडद्यावरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"पिवळं झालं ना, त्याच्यावर राज्य. बटण दाबलं की बाणावरून पळायचं. मग पुढच्यावर राज्य. एका वेळी एकावरच हं! दोघांवर आलं तर रडीचा डाव."

पलीकडे एकच हशा.

"अहो, ही तर पकडापकडी! वर्गात उद्याच सांगते. वापरतोय आम्ही तुमची लायब्ररी. 'राज्य' शब्द बदलू नका मात्र. सुचला कुणाला?"

"मलाच," दुधाने भिजलेली बाही मागे लपवत दादा म्हणाला. "बराच विचार केला."

पडदा बंद होताच आत्याने चिमणीला उचलून गरागरा फिरवलं. "मिळालं! पहिलं गिऱ्हाईक मिळालं!" मग तिचं नाक आक्रसलं. "आणि ते करपलेलं पातेलं घासायचं राज्य कोणावर?"

"बाबांवर!"

"बरं. माझ्यानंतर कोणावर?" दादाने आशेने विचारलं.

चिमणीने फरशीवर पिवळ्या खडूने वर्तुळ काढलं आणि आत 'बाबा' लिहिलं. दादा वाकून बघत राहिला.

"अगं, बाण राहिला की बाहेर जायचा!"

"राहिला नाही, बाबा. नाहीचेय."